टांगलेल्या माणसाचा चेहरा

रेजीनचं केस कापायचं दुकान सोमवारी बंद असायचं, आणि सगळ्यात जास्त कापाकापी तिथे सोमवारीच चालायची. शटर अर्ध्यावर ओढून ती फरशीवर फतकल मारून बसायची. भोवती गिऱ्हाइकांनी चाळून चाळून मऊ केलेली मासिकं, शेजारी खळीचा डबा आणि हातात कागदाची कात्री. केसांची कात्री वेगळी, तिला कागद शिवू द्यायचा नाही. केसांच्या कात्रीने कागद कापणारा माणूस रेजीनच्या मते कसल्याच लायकीचा नसतो. तिचा नवरा त्याच कात्रीने शेवयांची पाकिटं फोडायचा. पुढे तो एका गिऱ्हाइकिणीबरोबर तूलाँला पळून गेला, तेव्हा अख्ख्या एंदूम वस्तीला धक्का बसला, हिला फारसा बसला नाही.

हा कागद कापायचा नाद तिला लागला तो झेर्मेनमावशीमुळे. झेर्मेनमावशी दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहते. सगळं आयुष्य तिने स्वयंपाकघरातल्या मेणकापडावर टॅरोचे पत्ते मांडून लोकांची लग्नं, बाळंतपणं आणि बोटीवरच्या नोकऱ्या सांगितल्या. डोळे गेले तेव्हा तिने रेजीनला वर बोलावलं आणि पत्त्यांचा जोड तिच्या हातात ठेवला. हा जोड स्वतःसाठी विकत घ्यायचा नसतो, कोणीतरी द्यावा लागतो, हे मार्सेयच्या पोरांना शाळेत जायच्या आधी कळतं. त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

"मला वाचता येत नाहीत हे," रेजीन म्हणाली.

"मग नुसती बघ. बघायला काय शिकवणी लावायची असते?"

रेजीन बघत गेली आणि तिथून तिच्या डोक्याचा पार गुंता झाला. पत्त्यांतली माणसं तिच्या स्वप्नात यायला लागली, तीही जशीच्या तशी नाही. चंद्र यायचा तो केस वाळवायच्या मोठ्या टोपाचा आकार घेऊन, आणि त्याच्या खाली दोन कुत्री गिऱ्हाइकांसारखी रांगेत बसलेली. सकाळी उठली की तिला कळेना, की हे आपण पत्त्यात पाहिलं, मासिकात पाहिलं, की स्वप्नात. विसरून जाऊ नये म्हणून तिने एका सोमवारी ते कापून चिकटवलं. टोप केसांच्या यंत्राच्या जाहिरातीतला, कुत्री कुत्र्यांच्या खाण्याच्या डब्यावरची, आणि खाली बेसिनातून वर येणारा, मधोमध चिरलेला समुद्री काटेगोळा. झालं ते चित्र बघून तिला स्वतःलाच घाबरायला झालं, आणि पुढच्या सोमवारची ती वाट बघायला लागली.

मग एकामागून एक पत्ते होत गेले. 'न्याय' झाला मासळीबाजारातल्या कोळणीचा, हातात तराजू आणि एका पारड्यात झोपलेलं बाळ. 'मनोऱ्या'वरून वीज पडून दोन आचारी खाली कोसळत होते, आणि त्यांच्या टोप्या ढग होऊन वरच राहिल्या होत्या. 'संन्याशा'च्या दाढीवर खळ ओली असतानाच शनिवारच्या कटिंगचे खरे केस उडून चिकटले, ते तिने राहू दिले. लोक विचारायचे, हे सुचतं कुठून? रेजीन खांदे उडवायची. तिला खरंच ठाऊक नसायचं. कुठलंतरी चित्र तिच्याकडे बघायचं आणि तिचा हात कात्रीकडे जायचा, याच्या पलीकडे तिला त्यातलं काही उमगत नव्हतं.

अडलं ते फक्त 'टांगलेल्या माणसा'च्या पत्त्यापाशी. बाकीचं सगळं तयार होतं. लोखंडी गोळे फेकायचा खेळ चालतो त्या मैदानावरची दोन झाडं, मधे कपडे वाळत घालायची दोरी, दोरीवर चादरी, मोजे, आणि त्यांच्यात एका पायाने उलटा लटकलेला माणूस. खाली आकाश, आकाशात मासे. पण माणसाला चेहरा नव्हता. मावशीच्या जुन्या पत्त्यात तो माणूस उलटा लटकतो खरा, पण चेहरा असा, की शिक्षा भोगतोय की जेवून सुट्टीवर आलाय ते कळू नये. तसा चेहरा रेजीनला कुठेच मिळेना. मासिकातले हसरे पुरुष उलटे केले की रडायला लागायचे. गंभीर पुरुष उलटे केले की त्यांना उलटी होणार असं वाटायचं. रविवारी ती जुन्या बाजारात जाऊन फोटोंच्या पेट्या उपसायची, मेलेल्या लोकांची लग्नं आणि लष्करातले जवान एकेक करून उलटे धरून बघायची.

"मादाम," तिथला म्हातारा दुकानदार शेवटी म्हणाला, "सरळ धरलेत तर फोटो जास्त बरे दिसतात."

"सरळ माणसांचा मला काही उपयोग नाही."

"तर मग माझ्या जावयाचा घेऊन जा," म्हातारा म्हणाला.

बिनचेहऱ्याचा माणूस कित्येक महिने दुकानातल्या आरशाला खोचलेला राहिला. गिऱ्हाइकं त्याला नमस्कार करून खुर्चीत बसायला लागली. नाताळच्या आधी गोळ्यांच्या क्लबचं जेवण झालं, आणि त्याचा फोटो इथल्या पेपरात आला. लांब टेबल, मधोमध लसणीच्या चटणीचं भांडं, आणि दोन्ही बाजूंना तोंडात घास असलेले, हसणारे सगळे मेंबर. फक्त एकाचे डोळे मिटलेले होते. रेजीनने पेपर उलटा फिरवला. पुढच्याच क्षणी कात्री चालली, खळ लागली, आणि तो चेहरा त्या मानेवर असा बसला, जणू दोरी त्याचीच वाट बघत होती. चेहरा कोणाचा हा विचारसुद्धा तिच्या मनात आला नाही. त्या रात्री तिला गाढ झोप लागली आणि एकही स्वप्न पडलं नाही.

चेहरा नॉर्बेरचा होता.

नॉर्बेर म्हणजे बंदरात बोटी ओढणाऱ्या टगवर आयुष्य काढलेला माणूस. बायको वारली, मुलगी लियाँला, आणि आता सकाळी वर्तमानपत्र, दुपारी गोळे. बोलायला कमी, खेळायला कडक. तो एक आड एक शनिवारी रेजीनकडे डोकं धुवायला आणि केस कापायला यायचा. यात नवल एवढंच की त्याला केस नव्हते. कानांच्या वर थोडी झालर, बाकी सगळं मैदान. 'नॉर्बेर केस कापायला जात नाही, हजेरी घ्यायला जातो,' असं मैदानावर म्हणायचे. रेजीन मात्र त्या झालरीला शाम्पू लावायची, धुवायची, पुन्हा लावायची, आणि पैसे पूर्ण डोक्याचे घ्यायची. यात कोणाला काही कळलं नसेल तर ते त्या दोघांनाच.

आणि एक सांगायला हवं, की नॉर्बेर शकुन-अपशकुन पक्के मानणारा. टेबलावर पाव पालथा पडला की उठून सरळ करणार, मग तो दुसऱ्याच्या टेबलावरचा का असेना. शुक्रवारी सामना खेळणार नाही. समुद्रावरच्या माणसाचं असंच असतं, पाण्याशी वाद घालता येत नाही, मग तो पावाशी घालतो.

मैदानाला लागून पोलेतचा बार. पोलेतने पत्त्यांची चित्रं पाहिली आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं. "माझ्या भिंतीवर लाव. ते जुने करंडक बघून बघून लोकांची पिण्याची वासना मेलीय." जानेवारीतल्या राजांच्या रविवारी, म्हणजे तीन राजांचा केक कापतात त्या दिवशी, सगळा जोड भिंतीवर चढला. केकमध्ये लपवलेला चिनीमातीचा दाणा ज्याच्या तुकड्यात निघतो तो त्या दिवसाचा राजा. दाणा नॉर्बेरच्या दाताखाली आला. पोलेतने त्याच्या टकलावर सोनेरी कागदाचा मुकुट चढवला, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि महाराज हातात पेला घेऊन भिंतीवरची चित्रं बघत निघाले.

पोलेतच आधी ओरडली. "अरे देवा! हा तर आपला नॉर्बेर!"

सगळे धावले. चेहरा उलटा असल्याने जो तो मान वाकडी करून बघू लागला. एक जाडा मेंबर तर स्वतःच्या दोन पायांतून वाकून बघायला गेला आणि पाठ धरून तसाच राहिला. "तोच! भुवईवरचा मस बघा!" "टांगला की रे आपल्या राजाला!" हशाने कपबशा वाजल्या.

नॉर्बेर हसला नाही. मुकुट डोक्यावर तसाच ठेवून तो चित्रासमोर उभा राहिला. मग वळला.

"रेजीन, मी तुझं काय वाकडं केलंय?"

"काही नाही."

"मग मला का टांगलंस?"

आता इथे ती 'गंमत केली रे' असं म्हणाली असती, तर त्याने सगळ्यांना एकेक पेला पाजला असता आणि विषय संपला असता. पण रेजीनला खोटं पटकन सुचत नाही, आणि खरं काय ते तिला मुळीच माहीत नव्हतं. ती मान वाकडी करून चित्रातला चेहरा पुन्हा न्याहाळायला लागली, तसतसा समोरचा चेहरा उतरत गेला.

"माहीत नाही," ती म्हणाली.

त्या दुपारच्या सामन्यात नॉर्बेर तेरा-शून्यने हरला.

हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. हरणं वेगळं आणि तेरा-शून्य वेगळं. असं हरलेल्याला फॅनीचं चुंबन घ्यावं लागतं, आणि फॅनी ही लाकडी फळीवर रंगवलेली गुबगुबीत बाई आहे जी आपल्याकडे पाठ करून, घागरा वर धरून उभी असते. ती बारमधल्या छोट्या कपाटात असते. घंटा वाजवायची, कपाट उघडायचं, हरलेल्याने सर्वांसमोर गुडघ्यावर बसून तिच्या उघड्या ढुंगणावर ओठ टेकवायचे. इतकी वर्षं ती घंटा वाजवायचा मान नॉर्बेरचा होता, आणि वाजवताना तो फार मन लावून वाजवायचा. त्या दिवशी ती दुसऱ्याने वाजवली. नॉर्बेर गुडघ्यावर बसला, देणं दिलं, तोंड पुसलं आणि आपले गोळे मैदानावरच टाकून घरी गेला.

त्यानंतरचा त्याचा शनिवार आला. खुर्ची रिकामी राहिली. रेजीनने दोनदा उगाचच बेसिन घासलं.

मग सल्ल्यांना ऊत आला. खाटकाची बायको केसांना रंग लावून बसली असताना म्हणाली, "तुला ठाऊक नाही? जुन्या काळी गद्दारांना असं टांगायचे, पायाने. सगळ्या गावाला दिसावं म्हणून. नॉर्बेरला तेच लागलंय, की हिने मला गद्दार म्हटलं."

"मी कोणालाच काही म्हटलं नाही."

"मग टांगलंस कशाला?"

"माहीत नाही!" रेजीन ओरडली, आणि रंगाचा ब्रश बाईच्या कानाला लागला.

पोलेतचं म्हणणं, गद्दारच टांगायचा होता तर तूलाँवाला काय कमी होता? हे रेजीनला पटलं. तिने जुन्या डब्यातून नवऱ्याचा फोटो काढून उलटा धरून बघितला. पण त्या माणसाचा चेहरा उलटासुद्धा स्वतःवर खूश दिसत होता. मग तिने टीव्हीवर हवामान सांगणाऱ्याचा फोटो उलटा करून बघितला, एका पाद्र्याचा बघितला. शेवटी स्वतःचा पासपोर्टचा फोटो उलटा धरला, तर घराच्या किल्ल्या हरवलेली बाई लटकतेय असं दिसलं. ती वर झेर्मेनमावशीकडे गेली.

"मावशी, टांगलेल्याचा अर्थ काय?"

"वाट बघणं."

"कोणी कोणाची?"

"ते पत्ता सांगत नाही. पत्त्याने सगळंच सांगितलं असतं तर मी इतकी वर्षं काय खाल्लं असतं?" म्हातारीने चाचपडत तिचा हात धरला. "तू मला असं सांग, तो चेहरा पाहिलास तेव्हा तुला काय वाटलं?"

"की हा मी ओळखते."

"अगं, नॉर्बेरला कोण ओळखत नाही?"

"तसं नाही मावशी. नॉर्बेर म्हणून नाही. दुसरंच काहीतरी." आणि ते दुसरंच काय हे तिला सांगता येईना. तिला रडू यायला लागलं होतं, आणि कशासाठी हेही तिला कळत नव्हतं. मावशीने तिला वाटीभर लसणाचं सूप प्यायला लावलं आणि परत पाठवलं.

चित्र काढून टाकावं म्हणून ती बारमध्ये गेली, तर पोलेत आडवी आली. धंदा कधी नव्हे इतका चालला होता, लोक पार दूरच्या ला प्लेन वस्तीतून टांगलेला नॉर्बेर बघायला यायला लागले होते. कोणा शहाण्याने मधल्या काळात फ्रेमच उलटी टांगली, म्हणजे नॉर्बेर सरळ होईल. तो सरळ झालाही. पण आता झाडं शेंड्यांवर उभी होती, मोजे आकाशाकडे पडत होते, आणि त्यात नॉर्बेर एका पायावर नाचत होता. खऱ्या नॉर्बेरने खिडकीतून ते बघितलं म्हणे आणि विचारलं, "म्हणजे आता मी एकटा शुद्धीवर आणि सगळं जग वेडं, हेच ना? यापेक्षा आधीचं बरं होतं." पोलेतने फ्रेम परत फिरवली.

मग रेजीनने जे केलं त्याला अक्कल गहाण टाकणं म्हणतात. तिने पांढरा कागद गोल कापला आणि नॉर्बेरच्या चेहऱ्यावर चिकटवला. तिला वाटलं, चेहराच नाही तर भांडण कसलं? दुसऱ्या दिवशी बारमध्ये शिरणारा प्रत्येक जण छातीवर क्रूसाची खूण करायला लागला. चादरींच्या मधोमध, पांढऱ्या तोंडाने लटकणारा माणूस! "नॉर्बेर बरा आहे ना?" असं लोक हळू आवाजात विचारायला लागले. ती धावत गेली, कागद ओढून काढला, तर त्याच्याबरोबर नॉर्बेरच्या कपाळाचा एक टवका निघून आला. आणि नशीब असं हलकट, की त्याच संध्याकाळी खऱ्या नॉर्बेरने कपाटाच्या उघड्या दारावर कपाळ आपटून घेतलं. तो कपाळाला पट्टी लावून पाव आणायला बाहेर पडला आणि एंदूमची चढण गार पडली.

त्यानंतर रेजीनच्या दुकानात गिऱ्हाइकं आली तरी अंग चोरून यायची. डोकं बेसिनात ठेवायची आणि चेहऱ्यावर रुमाल पांघरून घ्यायची. खाटकाची बायको तर स्पष्टच म्हणाली, "हे बघ रेजीन, केस तुझे, पण तोंड माझं राहू दे." रेजीनने कागदाची कात्री कपाटात टाकून दिली. सोमवार आला तरी तिने एकही मासिक उघडलं नाही. आपण चित्र करायला बसलो होतो की जादूटोणा, हे तिचं तिलाच कळेनासं झालं. एक गोष्ट मात्र तिला पुरती कळत होती. शनिवार यायचा आणि जायचा, आणि तिला जेवण जात नव्हतं.

असा फेब्रुवारी उजाडला आणि मेणबत्त्यांचा सण आला. पहाटे काळ्या मातेच्या मूर्तीची मिरवणूक सेंट-व्हिक्टरच्या मठाकडे निघते, लोक हिरव्या मेणबत्त्या पेटवून मागे चालतात, येताना होडीच्या आकाराची कडक बिस्किटं घेतात. मेणबत्ती वर्षभर घरात ठेवायची, बिस्किट एखादं जपून ठेवायचं, घराला धक्का लागत नाही. नॉर्बेर दरवर्षी दोन जोड घ्यायचा. एक स्वतःला, एक रेजीनला. तिचा नवरा गेल्याच्या पहिल्याच फेब्रुवारीला त्याने हे सुरू केलं होतं, आणि अशा गोष्टी एकदा सुरू केल्या की मोडता येत नाहीत. मोडल्या तर कोणावर उलटतील याचा नेम नसतो.

सकाळी दुकानाचं दार उघडलं आणि मिस्त्राल वाऱ्याबरोबर नॉर्बेर आत आला. डोक्यावर टोपी, कपाळावर पट्टी, हातात कागदी पुडी. त्याने ती काउंटरवर ठेवली.

"तुझ्यासाठी नाही आलो. मेणबत्तीसाठी आलो."

"बरं."

"घराला मेणबत्ती नसली तर चांगलं नाही."

"नाही ना."

तो जायला वळला. रेजीनला दिसलं, टोपीच्या खाली, कानाच्या वर, त्याच्या त्या थोडक्या झालरीत हिरवा गोळा चिकटला होता.

"नॉर्बेर, डोक्याला काय लागलंय?"

"मिरवणुकीत मागची बाई. वाऱ्याने तिची मेणबत्ती वाकली." तो दाराशीच थांबला. "घरी ओढून बघितलं. आहेत तेच चार केस, तेही जातील."

"ओढू नकोस. गरम पाण्याने निघेल. बस."

"नको."

"बाकीच्या डोक्याची मी जबाबदारी घेत नाही, पण मेण मी काढू शकते. बस, म्हणते ना."

त्याने दाराकडे बघितलं, बेसिनाकडे बघितलं. एवढ्या वर्षांची सवय पायांनाच जास्त असते. तो येऊन बसला, टोपी मांडीवर ठेवली आणि मान मागे टाकली. रेजीनने पाणी हातावर घेऊन बघितलं, त्याच्या टाळूवर सोडलं, बोटं मेणाखाली घातली. नॉर्बेरने डोळे मिटले. कपाळावरची आठी गेली. जबडा सैल झाला. एक लांब श्वास बाहेर पडला.

रेजीन बेसिनाच्या मागे उभी होती. त्याचं कपाळ तिच्या पोटाकडे, हनुवटी पलीकडे. ती बघतच राहिली. तिच्या हातातून पाणी खाली चाललं होतं.

हाच चेहरा. उलटा, शांत, शिक्षा भोगतोय की सुट्टीवर आहे ते न कळणारा. सगळे जुने बाजार पालथे घातले, मेलेल्या जवानांना उलटं केलं, आणि हा चेहरा एक आड एक शनिवारी तिच्या दोन हातांच्या मधे येऊन पडत होता. पेपरातल्या फोटोत तिने तो शोधला नव्हता, ओळखला होता. मैदानावर नॉर्बेर असा नसतो, तिथे त्याचे दात आवळलेले असतात. बारमध्ये असा नसतो, रस्त्यात तर नसतोच. असा तो फक्त इथे असतो. रेजीनला आनंद इतका झाला की तिने नळच बंद केला.

"पाणी का बंद केलंस?"

"नॉर्बेर, तो चेहरा पेपरातला नाही."

"कोणता?"

"टांगलेल्याचा. तो इथला आहे. या बेसिनातला. तू इथे असा दिसतोस, माझ्या बाजूने. मी दुसरीकडे कुठे बघितलाच नाही तसा चेहरा, म्हणून मला मिळत नव्हता. मला त्या दिवशी माहीत नव्हतं. आत्ता कळलं."

त्याचे डोळे मिटलेलेच होते, पण आठी परत आली होती.

"मला वाटलं, तुला ते कळलं," तो म्हणाला.

"काय?"

"तुझा नवरा तूलाँला गेला त्या दिवशी स्टेशनपर्यंत त्याची बॅग मी उचलली होती. खेळातला जोडीदार होता माझा, नाही म्हणवलं नाही. तुला सांगायचं सांगायचं म्हणून मी पुढच्या शनिवारी आलो. सांगवलं नाही. मग त्याच्या पुढच्या वेळी आलो."

"आणि मग येतच राहिलास."

"हो."

"अरे, बॅग तू उचललीस हे सगळ्या एंदूमला माहीत आहे. खाटकाच्या बायकोने मला त्याच दिवशी सांगितलं." रेजीनने नळ परत सोडला. "जड होती का?"

"फार."

"माझी इस्त्री नेली मेल्याने."

नॉर्बेरचं पोट हलायला लागलं. तो हसत होता, आवाज न करता, आणि बेसिनातलं पाणी त्याच्याबरोबर हिंदकळत होतं. मग थांबला. त्याने डोळे उघडले आणि खालून तिच्याकडे बघितलं.

"म्हणजे गद्दार नाही ना दिसत मी?"

"नाही रे. नुकता जेवून उठलेला दिसतोस."

"मग राहू दे भिंतीवर. कपाळ तेवढं नीट कर." तो तसाच बघत राहिला. "तुला एक सांगू का? मलाही तू इथून उलटीच दिसतेस. हनुवटी वर, डोळे खाली. इतकी वर्षं तशीच बघितलीय मी तुला. रस्त्यात भेटतेस तेव्हा सरळ असतेस, तर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं."

"म्हणून रस्त्यात भेटलास की तोंडातून शब्द फुटत नाही होय?"

"म्हणूनच."

बाहेर वारा शटर हलवत होता. रेजीनची बोटं त्याच्या कानावरच्या त्या चार केसांमधून पुन्हा पुन्हा फिरत राहिली.

"निघालं का मेण?" त्याने डोळे मिटत विचारलं.

"नाही अजून," रेजीन म्हणाली.

मेण केव्हाच निघालं होतं.